बेकारी भत्त्याची दोन दारं

प्रश्न असा आहे की काम करण्याच्या वयाच्या, धडधाकट माणसाला काम नसताना सरकारनं पैसे दिले, तर तो काम शोधणंच सोडून देणार नाही का? आणि द्यायचेच असतील तर किती, किती दिवस आणि कोणत्या अटींवर?

बेकारी भत्त्याचे अर्ज तपासण्यात आणि पुढे नाकारलेल्या अर्जांची अपिलं चालवण्यात माझी तेवीस वर्षं गेली. या काळात एक गोष्ट मनात पक्की बसली. भत्ता किती असावा यावर सगळीकडे तावातावानं वाद होतात, पण माणसाचं खरं नुकसान होतं ते दोन ठिकाणी: भत्ता सुरू होताना आणि भत्ता सुटताना. आत येण्याचं दार आणि बाहेर जाण्याचं दार. मधल्या खोलीची मापं घेण्यात सगळे गुंतलेले असतात आणि माणसं दाराशी अडकून पडतात. उत्तर त्या दोन दारांकडे जाईलच, पण आळसाचा मुद्दा आधी घेते. तो बाजूला ठेवला तर पुढचं काहीच पटणार नाही.

भत्त्याचा काम शोधण्यावर काहीच परिणाम होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो. रक्कम किंवा मुदत वाढवली की माणसं सरासरीनं काही दिवस जास्त बेकार राहतात, हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मात्र का राहतात, हे विचारायला हवं. अमेरिकेतले अर्थतज्ज्ञ राज चेट्टी यांनी २००८ साली नेमकं हेच विचारलं. नोकरी जाताना मालकाकडून एकरकमी भरपाई मिळालेली माणसं त्यांनी पाहिली. ही रक्कम उद्या नोकरी लागली म्हणून परत जाणार नव्हती, म्हणजे घरी बसून राहण्यात काही फायदा नव्हता. तरीही ती माणसं जास्त दिवस काम शोधत राहिली. कारण साधं होतं. घरभाड्याची तजवीज झालेली असल्यामुळे मिळेल त्या पहिल्या कामावर झडप घालायची वेळ त्यांच्यावर आली नाही. भत्त्यामुळे जी बेकारी लांबते तिचा सुमारे ६० टक्के भाग अशा उसंतीचा असतो, असा चेट्टींचा हिशोब आहे. उरलेला भाग ‘पैसे मिळताहेत तर घाई कशाला’ या प्रकारचा. तो आहे, मी तो पाहिलेला आहे, आणि त्यासाठी अटी लागतात हेही मला मान्य आहे. पण सगळ्यालाच आळस म्हणणं चूक आहे.

दुसरा पुरावा नेहमी दिला जातो तो असा की भत्त्याची मुदत संपत आली की एकदम खूप जणांना नोकऱ्या लागतात, म्हणजे तोवर ते मुद्दाम थांबलेले असतात. ऑस्ट्रियातल्या नोंदी वापरून डेव्हिड कार्ड, राज चेट्टी आणि आंद्रेआ वेबर यांनी २००७ मध्ये हे तपासलं. मुदत संपताना बेकारांच्या यादीतली नावं भराभर कमी होतात हे खरं निघालं. पण त्याच दिवसांत नव्या नोकरीवर रुजू होणाऱ्यांची वाढ त्यामानानं फार लहान होती. बरीच माणसं नोकरीत गेलेली नव्हती, यादीतून गेली होती. भत्ता बंद झाल्यावर नाव नोंदवत राहण्यात त्यांना अर्थ वाटला नाही. यादी लहान झाली म्हणजे बेकारी कमी झाली असं सांगणाऱ्या कोणत्याही अहवालापुढे मी हा फरक ठेवते. बाहेर पडलेली माणसं कुठे गेली, हे लिहिलं नसेल तर तो आकडा मला काहीच सांगत नाही.

आता उलट बाजू. पोटाला चिमटा बसला की माणूस जोमानं काम शोधतो, ही समजूत फार जुनी आहे. व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाची एक कामगार वस्ती होती. तिथली कापड गिरणी १९३०च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सगळी वस्ती एकदम बेकार झाली. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल या समाजसंशोधकांच्या गटानं तिथे जाऊन लोकांचं जगणं नोंदवलं. भत्ता तुटपुंजा होता, त्याला मुदत होती, आणि पुढे अनेकांचा तोही संपला. लोकांच्या हातात वेळच वेळ होता, वाचनालयाची वर्गणीही माफ झाली होती. तरी पुस्तकं नेणं कमी झालं. संशोधकांनी खिडकीआडून रस्त्यानं जाणाऱ्यांची चाल पाहिली, तर पुरुष सावकाश चालत आणि वाटेत पुन्हा पुन्हा थांबत. बायकांना घरकाम होतं, त्यामुळे त्यांची पावलं तेवढी रेंगाळत नव्हती. दिवसभरात काय केलं असं विचारलं तर पुरुषांना सांगता येत नसे. घरातला पैसा जसजसा आटत गेला तसतशी माणसं जास्त उभारीनं काम शोधू लागली नाहीत, ती आतून विझत गेली. माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी माणसांत मी ती रेंगाळलेली चाल ओळखली आहे.

फिनलंडनं २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं याची सरळ परीक्षाच घेतली. भत्ता घेणाऱ्या २,००० बेकारांची चिठ्ठी टाकल्यासारखी निवड केली आणि त्यांना महिन्याला ५६० युरो बिनशर्त दिले. काम शोधल्याचा पुरावा नको, काम लागलं तरी पैसे चालू. लोक हातपाय गाळून बसतील ही भीती खरी ठरली नाही. कामाचे दिवस उलट किंचित वाढले, दुसऱ्या वर्षात सरासरी सहा दिवस. मधेच दुसरे नियमही बदलल्यामुळे त्या सहा दिवसांचं सगळं श्रेय या पैशांना देता येत नाही, आणि ज्यांनी या प्रयोगाकडून क्रांतीची अपेक्षा केली होती त्यांची निराशा झाली. पण मनावरचा ताण कमी झाला, उद्याविषयी आणि सरकारी यंत्रणेविषयी विश्वास वाढला, हे स्पष्ट दिसलं. मला यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की अटी सैल केल्या म्हणून आभाळ कोसळत नाही.

आता पहिलं दार.

इतिहासात डोकावलं तर लक्षात येतं की या योजना सुरू करणाऱ्यांना हे दार नीट कळलं होतं. बेल्जियममधल्या गेंट शहरानं १९०१ साली कामगार संघटनांच्या बेकारी निधीला नगरपालिकेच्या तिजोरीतून जोड द्यायला सुरुवात केली. संघटनेला आपला माणूस कोण, त्याचं काम कधी सुटलं आणि तो खरंच काम शोधतो आहे का, हे ठाऊकच असे; वेगळी चौकशी लागत नसे. डेन्मार्क, स्वीडन आणि फिनलंडमध्ये त्या पद्धतीची वंशावळ आजही चालू आहे. ब्रिटननं देशपातळीवरचा सक्तीचा विमा १९११च्या कायद्यानं आणला. जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती, बांधकाम अशा चढउताराच्या धंद्यांतले सुमारे साडेबावीस लाख कामगार त्यात आले. आठवड्याला ७ शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे. त्याआधी, फेब्रुवारी १९१० पासून, रोजगार विनिमय केंद्रं उघडली होती आणि हा क्रम विचार करून ठरवलेला होता. माणूस नाव नोंदवायला आला की केंद्र त्याला आधी काम दाखवी. दाखवायला काम नसलं की तो खरोखर बेकार आहे हे आपोआप सिद्ध होई. पुरावा आणण्याची जबाबदारी त्याच्या एकट्याच्या खांद्यावर नव्हती.

आजच्या योजना ढोबळमानानं दोन प्रकारच्या आहेत. एकीत तुम्ही नोकरीत असताना वर्गणी भरलेली असते आणि काम गेल्यावर आधीच्या पगाराचा काही हिस्सा ठरावीक महिने मिळतो. जर्मनीची १९२७ सालची योजना आणि दक्षिण कोरियाची १९९५ सालची योजना या जातीच्या. दुसरीत वर्गणीचा प्रश्न नाही. पैसा सरकारी तिजोरीतून येतो, सगळ्यांना ठरलेली रक्कम मिळते, पण घरातलं उत्पन्न आणि मालमत्ता तपासली जाते. ऑस्ट्रेलिया १९४५ पासून याच वाटेनं चालला आहे. बहुतेक श्रीमंत देशांत दोन्ही एकावर एक असतात, विमा संपला की दुसऱ्या योजनेत जायचं. पहिलीतून तरुण, कंत्राटी आणि स्वतःचा धंदा करणारे सुटतात, कारण त्यांची वर्गणी पुरेशी नसते. दुसरीतून कोण सुटतं? ज्याचा जोडीदार जेमतेम कमावतो तो. नवऱ्याची नोकरी गेली, बायकोचा पगार मर्यादेपेक्षा थोडा वर आहे, म्हणून भत्ता शून्य, अशी प्रकरणं माझ्याकडे सर्वांत जास्त आली आणि त्यांच्यासाठी मला सर्वांत कमी करता आलं, कारण नियमच तसा होता.

पण ज्यांना हक्क आहे त्यांचंही काय होतं ते पाहा. भत्त्याचा पहिला हप्ता किती दिवसांनी हातात पडतो, हा मला कुठल्याही योजनेबद्दल विचारायचा पहिला प्रश्न वाटतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९५२च्या करारात बेकारीसाठी जास्तीत जास्त सात दिवसांचा बिनपैशाचा प्रतीक्षाकाल धरला आहे. ब्रिटननं २०१३ पासून सहा जुने भत्ते एकत्र करून एकच भत्ता आणला आणि त्यात पहिला पैसा हातात यायला सहा आठवडे लागत. ओरड झाल्यावर २०१८ मध्ये त्यातले सात बिनपैशाचे दिवस काढून पाच आठवडे केले. यामागचा विचार कागदावर चुकीचा नव्हता. पगार महिन्याच्या शेवटी मिळतो, मग भत्ताही महिना भरल्यावर द्यावा, म्हणजे नोकरीची सवय मोडत नाही. पण ज्याचं काम सुटलं त्याच्याकडे बहुतेक वेळा गेल्या महिन्याचा पगार शिल्लक नसतो. मधल्या आठवड्यांसाठी आगाऊ उचल मिळते, ती पुढच्या हप्त्यांतून कापली जाते. म्हणजे माणूस सरकारचा देणेकरी होऊनच आत येतो आणि पुढचे कित्येक महिने त्याला भत्ता पूर्ण मिळतच नाही.

पाच आठवडे हा काळ बाहेरून लहान वाटतो. आतून तो कसा जातो, ते एका बाईंच्या प्रकरणात मी पाहिलं. हिशोबनीस होत्या, वय पन्नाशीच्या आसपास, कंपनी बंद पडली. मालकानं काम सुटल्याचं पत्र द्यायला तीन आठवडे लावले आणि पत्राशिवाय अर्ज अपूर्ण होता. अर्ज पूर्ण झाल्याच्या तारखेपासून प्रतीक्षाकाल मोजला गेला. दरम्यान त्यांनी घरभाडं थकवलं, मग फोनचं बिल थकवलं. फोन बंद झाला. एका ठिकाणाहून मुलाखतीसाठी फोन आला होता, तो त्यांना लागला नाही. हे मला कळलं ते चार महिन्यांनी, अपिलाच्या कागदांतून. भत्ता त्यांना मिळाला, मागच्या तारखेपासून मिळाला, सगळा थकलेला पैसा एकदम मिळाला. कागदावर अन्याय उरला नाही. पण ती नोकरी गेली ती गेलीच. अर्जाची तारीख ही काम सुटल्याची तारीख धरावी आणि कागद नंतर घ्यावेत, एवढा एकच नियम असता तर हे टळलं असतं. पैसा आधी, पडताळणी मागाहून. ज्याला हक्क नव्हता त्याच्याकडून वसूल करता येतं, पण ज्याला हक्क होता त्याचे पाच आठवडे परत देता येत नाहीत.

रक्कम आणि मुदत यांवर मी फार वेळ घालवणार नाही. त्या १९५२च्या करारानं किमान पातळी ठेवली ती नमुन्यादाखलच्या कामगाराच्या वेतनाच्या ४५ टक्के, तीही वर्षातून निदान १३ आठवडे; १९८८च्या करारानं ती ५० टक्क्यांवर नेली. जर्मनीत विम्याचा भत्ता हातात पडणाऱ्या पगाराच्या ६० टक्के, मुलं असतील तर ६७ टक्के. डेन्मार्कमध्ये ९० टक्क्यांपर्यंत, पण वर कमाल मर्यादा आहे, त्यामुळे चांगला पगार असणाऱ्याला त्याहून बराच कमी पडतो. मुदत दोन वर्षांपर्यंत. डेन्मार्कमध्ये मालकाला कामगार कमी करणं तुलनेनं सोपं आहे आणि भत्ता भरभक्कम आहे, ही दोन्ही एकाच सौद्याची अंगं आहेत. त्यातलं एकच उचलून दुसऱ्या देशात नेता येत नाही. ऑस्ट्रेलियानं एप्रिल २०२० मध्ये महामारीच्या दिवसांत बेकारी भत्त्यावर पंधरवड्याला ५५० डॉलरची भर टाकली, तेव्हा एकट्या माणसाचा भत्ता जवळजवळ दुप्पट झाला. ती भर टप्प्याटप्प्यानं कमी करत मार्च २०२१ अखेर काढून घेतली आणि १ एप्रिलपासून मूळ दर ५० डॉलरनं वाढवला. आधीचा दर पुरेसा होता असं म्हणणाऱ्यांना या घटनेचं उत्तर द्यावं लागेल. लाखो नव्या लोकांवर ती पाळी येताच तो दर कोणालाच पुरेसा वाटला नाही.

अटींचं मात्र थोडं सविस्तर बोलते, कारण विचारणाऱ्यांचा रोख तिकडेही आहे. काम शोधत असल्याचा पुरावा मागणं यात गैर काही नाही. गैर ठरतो तो पुराव्याचा प्रकार. ब्रिटननं १९२१ मध्ये ‘खरोखर काम शोधत असल्याची’ अट घातली आणि १९३० मध्ये ती काढून टाकावी लागली. मधल्या नऊ वर्षांत, जिथे गिरण्या नि खाणी बंद होत्या आणि काम नाही हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं, तिथेही माणसं एका फाटकापासून दुसऱ्या फाटकापर्यंत पायपीट करत, कोणाकोणाला विचारलं ते चौकशीत सांगता यावं म्हणून. आज फाटकांच्या जागी महिन्याला इतके अर्ज भरलेच पाहिजेत अशी संख्या आली आहे. संख्या ठरवली की संख्या भरते. माणूस स्वतःला न जमणाऱ्या जागांसाठीही अर्ज टाकत सुटतो, मालकांकडे कचरा साचतो आणि जमणाऱ्या एका जागेसाठी नीट तयारी करायला वेळ उरत नाही. मी अर्जदारांना नेहमी सांगत आले की संख्या भरा, इलाज नाही, पण दोन अर्ज असे करा की ते खरोखर तुमचे असतील. हे सांगावं लागतं यातच त्या नियमाची किंमत कळते.

अट मोडली तर कपात किती असावी, यावर जर्मनीच्या घटना न्यायालयानं ५ नोव्हेंबर २०१९ रोजी निकाल दिला. किमान जगण्यासाठी म्हणून ठरवलेल्या भत्त्यातून ६० टक्के किंवा सगळीच रक्कम कापणं त्यानं घटनाबाह्य ठरवलं; ३० टक्क्यांपर्यंतची कपात चालू दिली, तीही माणसाची अडचण विचारात घेऊन. मला हा निकाल रास्त वाटतो. माझ्यासमोर आलेल्या कपातींपैकी बऱ्याच ‘भेटीला हजर नाही’ या कारणाच्या होत्या. चौकशी केली की कळे की पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, किंवा मूल आजारी होतं, किंवा त्याच वेळी दुसरीकडे मुलाखत होती. मुलाखतीला गेला म्हणून भत्ता कापलेला माणूस पहिल्यांदा समोर आला, तेव्हा मी ती फाईल तीनदा वाचली.

अटींना एक वेगळंच उत्तर महाराष्ट्रानं शोधलं होतं, आणि जगभरच्या चर्चांत त्याचा दाखला निघतो. काम शोधतोस का, हे विचारण्यापेक्षा कामच द्यावं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी १९७२च्या दुष्काळात मोठी झाली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. २००५च्या केंद्रीय कायद्यानं हीच हमी देशभरच्या ग्रामीण भागात नेली. त्या कायद्यानुसार काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता, पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश आणि पुढे किमान निम्मा. इथे पात्रता माणूस स्वतःच ठरवतो, ज्याला गरज नाही तो उन्हात खोदायला येत नाही. मात्र हे उत्तर सगळ्यांना लागू पडत नाही. पाठीचं दुखणं असलेल्या कामगाराला किंवा कारकुनाला खोदकामाची हमी काय उपयोगाची? शिवाय दिवसभर राबलेल्या माणसाला आपल्या कसबाचं काम शोधायला वेळ कुठून मिळणार?

आता नोंदींचा विषय. यात माणसं चिरडली गेलेली आहेत. ऑस्ट्रेलियात भत्ता पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो. २०१५ पासून तिथल्या सरकारनं वसुलीचा असा प्रकार सुरू केला की करखात्याकडची वर्षाची कमाई घ्यायची, ती २६ पंधरवड्यांत सारखी वाटायची आणि माणसानं सांगितलेल्या आकड्यांशी ताडून पाहायची. समजा एखाद्यानं वर्षातले पहिले सहा महिने काम करून २६,००० डॉलर कमावले आणि पुढचे सहा महिने बेकार राहून भत्ता घेतला. त्यानं प्रत्येक पंधरवड्याला अगदी खरं सांगितलं, आधी २,००० आणि नंतर शून्य. संगणकानं मात्र वर्षभर प्रत्येक पंधरवड्याला १,००० धरले. म्हणजे बेकारीच्या काळातही तो कमावत होता, त्यानं लपवलं, आणि घेतलेला भत्ता आता परत करावा. आपण खोटे नाही हे दाखवायला माणसाला कित्येक वर्षांपूर्वीच्या पगाराच्या पावत्या आणायला सांगितलं गेलं. अशी कर्जं चार लाखांहून जास्त लोकांच्या नावावर चढली. ही पद्धत कायद्यात बसत नाही हे सरकारला २०१९च्या अखेरीस मान्य करावं लागलं, आणि जुलै २०२३ मध्ये आलेल्या चौकशी आयोगाच्या अहवालानं तिला ओबडधोबड आणि क्रूर ठरवलं, न्याय्यही नाही आणि कायदेशीरही नाही असं म्हटलं.

हे मी एवढ्या तपशिलानं लिहिलं कारण सरासरीची ही चूक कुठेही होऊ शकते. बेकार माणसाचं उत्पन्न तुकड्यातुकड्यांचं असतं, आणि भत्त्याची गरज त्या तुकड्यांच्या मधल्या भेगांतच असते. सरासरी काढली की भेग बुजते आणि त्याबरोबर माणसाचा हक्कही. तुम्ही स्वतः असा भत्ता घेत असाल तर पगाराची प्रत्येक पावती, प्रत्येक अर्जाची पोच, फोनवर कोण काय म्हणालं त्याची तारीख आणि वेळ, सगळं एका वहीत ठेवा आणि काम लागल्यावरही ती वही टाकू नका. नाकारल्याचं पत्र आलं तर त्यावर अपिलाची मुदत लिहिलेली असते. आधी अपील दाखल करा, कारणं मागाहून भरता येतात. मुदत हुकल्यामुळे हरलेली प्रकरणं मी मुद्द्यावर हरलेल्या प्रकरणांपेक्षा जास्त पाहिली आहेत.

आणि आता दुसरं दार, बाहेर जाण्याचं. आळसाचा आरोप माझ्या मते इथे येऊन गळून पडतो, कारण माणूस काम का नाकारतो ते इथे दिसतं.

समजा भत्ता महिन्याला १,००० आहे आणि अर्धवेळ काम मिळतंय त्यात ६०० मिळणार. जितकी कमाई तितका भत्ता कमी असा नियम असेल, तर भत्ता ४०० होईल आणि हातात एकूण १,०००च पडतील. जाण्यायेण्याचा खर्च १०० धरला तर माणूस काम करून १०० नं गरीब झाला. आता दुसरा नियम घ्या. पहिले २०० माफ आणि पुढच्या कमाईचे निम्मे कापायचे. कपात २००, भत्ता ८००, हातात १,४००. तोच माणूस, तीच इच्छाशक्ती, पण पहिल्या नियमात तो आळशी दिसेल आणि दुसऱ्यात कष्टाळू. ब्रिटनच्या एकत्रित भत्त्यात ही कपात कमाईच्या ६५ टक्के होती, २०१७ मध्ये ६३ झाली आणि २०२१च्या अखेरीस ५५. या एका टक्केवारीसाठी तिथे जेवढी भांडणं झाली तेवढी खरं तर व्हायलाच हवी होती.

टक्केवारीच्याही पलीकडे एक भीती असते आणि ती कोणत्याच कोष्टकात मावत नाही. काम घेतलं, भत्ता बंद झाला, आणि दोन महिन्यांनी ते काम सुटलं तर? पुन्हा पहिल्या दारापासून सुरुवात. नवा अर्ज, नवी पत्रं, नवे पाच आठवडे. लवकर काम धरणाऱ्याला बक्षीस द्यावं असा एक उपाय सुचवला जातो. इलिनॉय राज्यात १९८४ मध्ये तो प्रयोगही झाला. अकरा आठवड्यांत नोकरी मिळवून ती चार महिने टिकवली तर ५०० डॉलर. त्यानं भत्त्यावरचा काळ सरासरी आठवडाभरानं कमी झाला, म्हणजे उपाय अगदी वाया गेला नाही. पण ज्याला टिकाऊ नोकरी मिळतच नाही त्याला या बक्षिसाचा काय आधार? त्याला परत आत येण्याची हमी हवी असते.

एक माणूस माझ्याकडे असाच आला होता. वेल्डर, दोन मुलं, आठ महिने बेकार. त्याला तीन महिन्यांचं काम चालून आलं होतं आणि त्यानं ते नाकारलं, म्हणून त्याचा भत्ता कापला गेला. त्याविरुद्ध अपील होतं. सुनावणीत त्याला विचारलं, काम का नाकारलं? तो म्हणाला, “ताई, मागच्या वेळी मी असंच सहा आठवड्यांचं काम धरलं होतं. ते संपलं, आणि भत्ता परत सुरू व्हायला नऊ आठवडे लागले. त्या नऊ आठवड्यांचं उसनं अजून फिटलेलं नाही.” त्यानं वही काढली. तारखा, अर्जांचे क्रमांक, कोणाकडून किती घेतले, सगळं लिहिलेलं होतं. अपील आम्ही जिंकलो. पुढे त्या कार्यालयानं आपल्यापुरती एक पद्धत घालून घेतली. काम लागलं की खातं बंद करायचं नाही, सहा महिने नुसतं थांबवून ठेवायचं, आणि काम सुटलं तर एका फोनवर पुढच्या आठवड्यापासून भत्ता चालू करायचा. वेल्डरनं त्यानंतर दीड महिन्यात एक तात्पुरतं काम धरलं. तीन महिन्यांचंच होतं, पण या वेळी त्यानं ते घेतलं.